रिद्धपूरचा राजमठ : देऊळ, मढ कीं घर ?
स्थानपोथीच्या पुराव्याची परीक्षा

[ १ ]

वऱ्हाडांतील जुन्या स्थळांविषयीं लिहिणारांमध्यें एक संवय रूढ झालेली आहे. एखाद्या वास्तूचें आजचें नांव घ्यावयाचें, त्या नांवाचा आजचा अर्थ लावावयाचा, आणि तो अर्थ सात-आठ शतकें मागें नेऊन त्यावर इतिहास रचावयाचा. अमरावती जिल्ह्यांत मोर्शी तालुक्यांत असलेल्या रिद्धपूर ऊर्फ ऋद्धिपूर येथील राजमठाच्या बाबतींत ही संवय विशेष बाधक झाली आहे. 'राजमठ' हें नांव ऐकतांच राजानें बांधलेला, संन्याशांनीं गजबजलेला, महंताच्या गादीनें युक्त असा मठ डोळ्यांपुढें उभा राहतो. ज्या ग्रंथांमुळें हें स्थान आपणांस ठाऊक झालें ते ग्रंथ मात्र निराळेंच चित्र दाखवितात. त्या चित्रांत आरंभीं एका देवाचें देऊळ आहे. पुढें त्यांत राहणारा, लोकदृष्टीनें वेडसर असा एक पुरुष आहे. त्यापुढें त्याच्या सेवेस जमलेलें एक मोठें घर आहे. आणि सर्वांत शेवटीं पंथाचें तीर्थ आहे. ह्या चार अवस्था एकमेकींपासून वेगळ्या करून दाखविणें, आणि ज्या स्थानपोथीवर ह्या विषयाचा मुख्य भार पडतो तिची साधन म्हणून किंमत ठरविणें, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एकाच जागेवर निरनिराळ्या काळीं निरनिराळे रहिवासी येणें ही गोष्ट जगांत कोठेंही नवी नाहीं. इंग्लंडांत आठव्या हेन्रीनें १५३६ पासून चारपांच वर्षांत तेथील मठ बंद केले व त्यांच्या जमिनी विकल्या अथवा वांटल्या. लॅकॉक येथील जोगिणींचा मठ १५३९ मध्यें बंद झाला; तो विल्यम शॅरिंग्टन यानें विकत घेतला, चर्च पाडलें आणि चौकाभोंवतालच्या ओवऱ्या जशाच्या तशा ठेवून त्यांवर आपला वाडा केला. न्यूस्टेड येथील मठ सर जॉन बायरन ह्यास १५४० मध्यें मिळाला, व पुढें कवि बायरन ह्याचें तें पिढीजाद घर म्हणून प्रसिद्धीस आलें. तेथील इतिहासकारास सोय अशी कीं, मठ मोडणें, विकणें व वाडा होणें ह्या प्रत्येक पायरीचा सरकारी कागद आहे. आमच्याकडे असा कागद नाहीं. शिवाय क्रमही उलटा आहे. तेथें मठाचें घर झालें. येथें, आम्हांस वाटतें, घराचा मठ झाला. म्हणून आमच्या साधनांची परीक्षा आम्हांस अधिक कसोशीनें करावी लागते.

[ २ ]

प्रथम शब्दाचा विचार करूं. अमरसिंहानें 'मठ' ह्याचा अर्थ छात्रादिकांचें निवासस्थान असा दिला आहे. म्हणजे संस्कृतांत मठ ह्याचें मुख्य लक्षण 'राहण्याची जागा' हें. पूजा हें नव्हे. प्राकृतांत संस्कृत 'ठ' चा 'ढ' होतो व 'मठ' ह्याचें 'मढ' बनतें, हें वररुचि व हेमचंद्र ह्या दोघांनींही आपल्या व्याकरणांत नोंदविलें आहे. जुन्या मराठींत हाच 'मढ' शब्द सर्रास येतो. परंतु मराठींत येतां येतां त्याचा अर्थ सरकला. 'मढ' म्हणजे लहान देऊळ, देवाची वास्तु, जींत वाटसरूनें पथारी टाकावी, गोसाव्यानें रात्र काढावी, अशी जागा. पाथर्डी तालुक्यांतील कानिफनाथाची 'मढी' प्रसिद्धच आहे. तेव्हां 'मढ' हा शब्द आढळला म्हणजे तेथें संन्याशांचा संघ होता असें मानावयास आधार नाहीं. मढांत देव असे व माणूसही राही. आणि राहणाऱ्या माणसास अधिकार असेच असें नाहीं.

आतां 'राज' ह्या पूर्वपदाकडे वळूं. राजाश्रयाचा तर्क ह्या पदावरून सहज सुचतो. पण ज्या पुरुषामुळें हें स्थान नांवारूपास आलें तो गोविंदप्रभु लोकांत 'गुंडम राउळ' ह्या नांवानें ओळखला जाई. 'राउळ' हें संस्कृत 'राजकुल' ह्याचें प्राकृत द्वारें आलेलें रूप. जसें 'देवकुल' ह्याचें 'देउळ'. राजकुल म्हणजे राजाचें घर. मराठींत राउळ म्हणजे राजवाडा, राउळ म्हणजे देऊळ, आणि राउळ ही थोर पुरुषाची उपाधिही झाली. फलटणचे चांगदेव हेही 'राउळ'च. त्याचप्रमाणें 'राज' हें पद महानुभावांच्या नांवांत सन्मानदर्शक म्हणून नित्य येतें. केशिराज हें नांव सर्वांस परिचित आहे. ज्या गांवांत राउळ राहतो तेथील त्याचा मढ 'राजमढ' म्हणविला जाणें ह्यास एखाद्या यादव राजाची सनद लागत नाहीं. भूदानाचा लेख किंवा शिलालेख पुढें येईपर्यंत 'राज' ह्या दोन अक्षरांवर राजाश्रयाची इमारत उभारूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

[ ३ ]

साधनांचा दर्जा ठरविल्यावांचून पुढें जाणें व्यर्थ आहे. ऋद्धिपुरासंबंधीं महानुभाव वाङ्मयांत चार प्रकारचीं साधनें आहेत.

पहिलें, म्हाइंभटाचें लीळाचरित्र. शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास तें सिद्ध झालें असें सामान्यतः मानितात. चक्रधरांच्या ज्या लीळा ज्यांनीं पाहिल्या त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटानें त्या विचारून घेतल्या. दुसरें, गोविंदप्रभूंचें चरित्र, जें ऋद्धिपुरलीळा ह्या नांवानेंही ओळखलें जातें. त्यांत तीनशेंहून अधिक लीळा असून त्या बहुतेक सर्व ह्या एकाच गांवांत व त्याच्या शिवारांत घडतात. तिसरें, प्रस्तुत लेखाचा विषय असलेली स्थानपोथी. तिचें कर्तृत्व परंपरेनें चौदाव्या शतकांतील मुनिव्यास कोठी ह्यांच्याकडे जातें. चौथें, नारायणव्यास बहाळिये ह्यांचें ऋद्धिपूरवर्णन. हें पंथाच्या सातीग्रंथांपैकीं एक काव्य आहे. त्याच सातांत अकोला जिल्ह्यांतील बाळापूरच्या विश्वनाथाचा ज्ञानप्रबोध येतो हें वऱ्हाडच्या वाचकांस सांगावयास नको.

ह्या चारांपैकीं काव्यास वास्तूच्या इतिहासांत सर्वांत शेवटचें स्थान द्यावें. कवि नगराचें वर्णन करितो तेव्हां नगरवर्णनाचे संकेत त्याच्यापुढें असतात. संस्कृत महाकाव्यांत नगरी, उद्यान, सरोवर हीं वर्ण्य म्हणून ठरलेलींच आहेत. म्हणून ऋद्धिपूरवर्णनांत गोपुरें व प्रासाद दिसले तरी ते भक्तीचे प्रासाद समजावे. लीळा ह्या उलट आहेत. त्यांत वास्तूचें वर्णन करण्याचा हेतु नसतोच; भिंत, पायरी, दार, सोंडी हीं केवळ प्रसंगाच्या ओघांत येतात. गोसावी कोठें बसले, कोठून उठले, कोणाच्या आंगणांत गेले हें सांगतांना सांगणारानें सहज जें म्हटलें तें खोटें सांगण्याचें त्यास कारण नव्हतें. असा ओघांत आलेला पुरावा इतिहासांत नेहमींच मोलाचा ठरतो.

हीं साधनें उजेडांत कशीं आलीं हेंही ध्यानांत धरिलें पाहिजे. रावळोव्यासांनीं योजिलेल्या सकळ लिपींत व तिच्यासारख्या इतर सांकेतिक लिप्यांत पंथाचें वाङ्मय शतकानुशतकें मठांच्या बस्तनांत बांधलेलें राहिलें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वि. का. राजवाडे ह्यांनीं सकळ लिपीची उकल केली. पुढें यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने व मलकापूर तालुक्यांत जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते ह्यांनीं ग्रंथ शोधून छापले. नेने ह्यांच्या लीळाचरित्राचे भाग १९३६ पासून निघूं लागले. कोलते ह्यांची स्थानपोथी १९७६ मध्यें व लीळाचरित्र १९७८ मध्यें निघालें. गोविंदप्रभूंच्या चरित्राचें अ‍ॅन फेल्डहाउस ह्यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९८४ मध्यें प्रसिद्ध झालें. ह्याच्या फार पूर्वीं, म्हणजे १८७० मध्यें, लायलचें वऱ्हाडचें गॅझेटियर, १८९७ मध्यें कझिन्सची प्राचीन अवशेषांची यादी आणि १९११ मध्यें अमरावती जिल्ह्याचें गॅझेटियर हीं निघून गेलीं होतीं. त्या विद्वानांजवळ दगड होता, पोथी नव्हती. आमच्याजवळ आज पोथी आहे. दगड राहील कीं नाहीं हाच प्रश्न आहे.

[ ४ ]

आतां स्थानपोथीकडे वळूं. ह्या ग्रंथाचें प्रयोजन इतिहास सांगणें हें नव्हतें. चक्रधर व गोविंदप्रभु ज्या ज्या जागीं बसले, निजले, जेवले, विहरले त्या त्या जागीं अनुयायानें जाऊन नमस्कार करावा, ह्यासाठीं ती रचली गेली. राहणें किती काळ झालें ह्यावरून तिनें भेदही पाडले आहेत: अनेक दिवसांचें तें अवस्थान, एका रात्रीची ती वसति, आणि क्षणभर बसण्याचें तें आसन. हा भेद तीर्थयात्रेसाठीं असला तरी वास्तूच्या अभ्यासकास तो फार उपयोगी पडतो, कारण कोणती जागा राहण्याजोगी होती व कोणती केवळ ओलांडण्याजोगी, हें त्यावरून समजतें.

स्थानपोथीचा पहिला गुण असा कीं, ती दिशा सांगते. देऊळ पूर्वाभिमुख कीं उत्तराभिमुख, स्थान दाराच्या उजवीकडे कीं डावीकडे, आवाराच्या आंत कीं बाहेर, हें ती कटाक्षानें देते. दुसरा गुण असा कीं, ती देवतांचीं नांवें लपवीत नाहीं. महानुभाव पंथांत अन्य देवतांची उपासना त्याज्य मानिली आहे. तरीसुद्धां स्थान ओळखण्यासाठीं ती नरसिंहाचें, महादेवाचें, देवीचें देऊळ निःशंकपणें सांगते. राजमठ हा मूळचा नरसिंहाचा मढ होता ही गोष्ट पंथाच्याच परंपरेनें जपून ठेविली आहे. आपल्या परमेश्वरावताराचें मुख्य स्थान दुसऱ्या देवाच्या घरांत होतें हें कोणताही पंथ बनवून सांगणार नाहीं. पंथाच्या सोयीविरुद्ध जाणारी ही साक्ष आम्ही सर्वांत भरंवशाची समजतों.

तिसरा गुण वासनांचा. जुन्या महानुभाव ग्रंथांत एकाच प्रसंगाविषयीं दोन आठवणी मिळाल्या तर दोन्ही नोंदवून दुसरीस 'वासना' म्हणावयाचें, अशी चाल आहे. कोणाची वासना कोणती हें बहुधा नांवासह येतें. परचक्राच्या धामधुमींत मूळ पोथ्या गहाळ झाल्या व शिष्यांच्या पाठांतून त्या पुनः लिहाव्या लागल्या, असें परंपरा सांगते. त्या अनुभवांतून ही काळजी वाढली असावी. पाश्चात्त्य पाठचिकित्सेचा आपल्याकडे वारा लागण्यापूर्वीं पांचसहा शतकें वऱ्हाड-मराठवाड्यांतल्या ह्या माणसांनीं पाठभेद प्रामाणिकपणें जपले. असें असतां कांहीं नकलकारांनीं आणि कांहीं छापणारांनीं 'गोंधळ टाळण्यासाठीं' वासना गाळून एकच सरळ पाठ दिला आहे. ह्याहून मोठें नुकसान कसर देखील करीत नाहीं. कसरीनें अक्षर खाल्लें तर तेथें भोंक तरी दिसतें.

आतां दोष. स्थानपोथी अंतर क्वचितच मोजून देते. हात, कांबी ह्यांचा हिशेब ती ठेवीत नाहीं. तिची सारी भिस्त दारावर आहे. 'दाराच्या उजवीकडे' हें वाक्य दार हललें नाहीं तोंवरच खरें. जीर्णोद्धारांत पूर्वेचें दार बुजवून उत्तरेस काढलें कीं पोथींतील प्रत्येक स्थान फिरतें, आणि पुढील पिढी प्रामाणिकपणें चुकीच्या जागीं ओटा बांधते. दुसरा दोष असा कीं, ज्या जागेचा देवाशीं संबंध नाहीं तिच्याविषयीं ती मुकी आहे. धान्य कोठें ठेवीत, शिष्य कोठें निजत, गाईगुरें कोठें बांधीत, हें तिच्या विषयाबाहेरचें. म्हणून स्थानपोथीवरून राजमठाचा संपूर्ण नकाशा काढूं पाहणें म्हणजे पंचांगावरून गांवची वंशावळ लिहूं पाहण्यासारखें आहे. तिसरा दोष काळाचा. ती चौदाव्या शतकांतील माणसाला दिसलेली वास्तु सांगते. बाराव्या शतकांतील नव्हे. दोहोंच्या मधल्या काळांत, १२९६ मध्यें, अल्लाउद्दीनाची स्वारी ह्याच बाजूनें, एलिचपुरावरून देवगिरीवर गेली होती, हें विसरून चालणार नाहीं.

[ ५ ]

गुणदोषांचा हा झाडा घेतल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊं. गोविंदप्रभूंचा जन्म ऋद्धिपुराजवळच्या काटसुरें येथील काण्वशाखीय ब्राह्मण कुटुंबांतला. आईबाप लहानपणींच वारले. नातलगांनीं त्यांस ऋद्धिपुरीं आणून वाढविलें व वेदाध्ययनास बसविलें. पुढें त्यांचें वागणें लोकविलक्षण झालें. चरित्रांत त्यांच्याभोंवतीं आरंभीं संन्याशांचा संघ नाहीं, दीक्षा नाहीं, गादी नाहीं. आहेत ते गांवकरी. ते राउळास मायही मानीत आणि बापही मानीत. हा पुरुष कोणाच्याही घरीं शिरे, चुलीवरचें खाई, पोरांत खेळे, रागावे, हंसे. तहानलेल्या मातंगांस त्यानें पाणी मिळवून दिल्याची लीळा आहे. म्हणजे ज्या काळीं तो नरसिंहाच्या मढांत राहत होता त्या काळीं ती वास्तु मठ नव्हती. गांवच्या देवळांत गांवचा एक अवलिया राहत होता, इतकेंच. त्याचें खरें घर म्हणाल तर सारें ऋद्धिपूर.

वास्तूचा दुसरा अवतार इ. स. १२७४ च्या सुमारास सुरू होतो. चक्रधर उत्तरापंथें गेल्यावर त्यांच्या आज्ञेस अनुसरून नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा इत्यादि मंडळी ऋद्धिपुरास आली व शके १२०९-१० (इ. स. १२८७-८८) च्या सुमारास गोविंदप्रभु जाईपर्यंत त्यांच्या सेवेंत राहिली. ह्या बारा-चौदा वर्षांत जें जीवन चरित्रांत दिसतें तें आश्रमाचें कमी व मोठ्या घराचें अधिक आहे. स्वयंपाक, न्हाणें, वस्त्रें, रुसवेफुगवे, आजारपण, कोणी काय आणिलें व कोणास काय दिलें ह्याचीच त्यांत गर्दी आहे. गोविंदप्रभूंनीं एकदां विवाहाची लीळा आरंभिली व महदाइसेस धवळे गावयास लाविलें, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. मराठींतील पहिल्या ज्ञात कवयित्रीची रचना लग्नघरच्या गाण्याच्या रूपानें जन्मास आली. मठांत लग्नाचीं गाणीं होत नाहींत, घरांत होतात. आमच्या मतें राजमठाच्या इतिहासांतील हें सर्वांत बोलकें साक्ष्य आहे, आणि मठाधिपतींच्या याद्या जुळविण्याच्या नादांत त्याकडे दुर्लक्ष झालें आहे.

गोविंदप्रभु गेल्यावर नागदेवाचार्यांच्या नेतृत्वाखालीं पंथ फिरता झाला. राहणारा गेला, पण राहण्याच्या खुणा पूज्य ठरल्या. जेथें ते निजत तेथें ओटा, जेथें बसत तेथें ओटा, अशी घराची तीर्थांत गणना झाली. पुढें पंथाच्या निरनिराळ्या आम्नायांचे मठ ह्या गांवीं उभे राहिले आणि ऋद्धिपूर 'परमेश्वरपूर' झालें. येथून पुढें मात्र 'मठ' हा शब्द आजच्या अर्थानें वापरण्यास हरकत नाहीं. खऱ्या संघनिवासाचा नमुना ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं अकोला जिल्ह्यांत पातूरच्या टेकडींत कोरलेले विहार पाहावे. तेथें भिक्षूंनीं राहावें ह्या हेतूनेंच खडक कोरला आहे. हेतु आधीं व वास्तु मागाहून. राजमठाचें नेमकें उलट आहे. तेथें वास्तु आधींची, माणूस मागाहून आला, आणि हेतु सर्वांच्या शेवटीं.

[ ६ ]

ह्या विषयांत आणखी एक मोह आहे, त्याचा परिहार केला पाहिजे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट 'रिद्धपूरचा ताम्रपट' म्हणून विख्यात आहे. तो दुसऱ्या प्रवरसेनाच्या १९ व्या राज्यवर्षीं, म्हणजे पांचव्या शतकांत, रामगिरिस्वामीच्या पायांपाशीं दिला गेला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांच्या १९६३ मध्यें निघालेल्या वाकाटक लेखसंग्रहांत तो सर्वांस पाहावयास मिळतो. त्यांत अश्वत्थनगर ह्या गांवचें एक शेत, त्यावरील निवासगृह आणि कुळंब्यांचीं चार घरें ब्राह्मणांस दिल्याचा उल्लेख आहे. शेत, त्यांतील घर आणि राबणारांच्या झोंपड्या ह्यांची एवढी जुनी व एवढी घरगुती नोंद विदर्भांत विरळा.

आतां मोह असा. रामगिरि म्हणजे रामटेक. रामटेकास वाकाटककालीन केवल-नरसिंहाचें मंदिर असून तेथील लेखाचा संबंध प्रभावतीगुप्तेच्या घराण्याशीं आहे. रिद्धपूरच्या राजमठांतही नरसिंह. तेव्हां ताम्रपट, राणी व नरसिंह हे तिन्ही धागे एकत्र वळून राजमठास वाकाटककालीन ठरविणें किती सोपें! परंतु हा दोर पाण्यांत टाकतांच सुटतो. ताम्रपट ही हलणारी वस्तु आहे. दान घेणाऱ्याचे वंशज जेथें जातील तेथें ती जाते, आणि पुढें कोणाही संग्राहकाच्या हातीं पडते. तो जेथें मिळाला तें गांव व त्यांत उल्लेखिलेलें गांव एकच, असें मानतां येत नाहीं. दुसरें असें कीं, त्या दानलेखांत नरसिंहाच्या मढाचें नांवहि नाहीं. तिसरें, पांचवें शतक व तेरावें शतक ह्यांमध्यें आठ शतकांची दरी आहे, आणि नरसिंह हा विदर्भांत काय, साऱ्या महाराष्ट्रांत सर्वकाळ पूजिला जाणारा देव आहे. दैवत तेंच म्हणून देऊळ तेंच, असें म्हणूं लागलों तर प्रत्येक गांवचा मारुति एकाच राजानें बसविला असें म्हणावें लागेल. ताम्रपटास ताम्रपटाचा मान द्यावा, राजमठास राजमठाचा.

[ ७ ]

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. राजमठ हा प्रारंभापासून मठच होता असें एकदां मानिलें, म्हणजे गांवांतील इतर स्थानांची किंमत आपोआप कमी होते. गोविंदप्रभु ज्या घरांत शिरले, ज्या आंगणांत बसले, ज्या पाणवठ्यावर खेळले, त्या सर्व जागा स्थानपोथींत आहेत. त्यांपैकीं कित्येक रहात्या घरांच्या आवारांत पडतात. घर एकाचें, स्थान दुसऱ्याचें, अशी ही नाजूक मालकी आहे. मुख्य देवस्थानाचा जीर्णोद्धार वर्गणीनें होतो. परसांतल्या ओट्यास वाली नसतो. आणि आमच्या विवेचनाप्रमाणें ज्या पुरुषाचें घर सारें गांव होतें त्याचा इतिहास परसांतल्या ओट्यांतच अधिक शिल्लक आहे. जीर्णोद्धार करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पंथाची ती जिवंत श्रद्धा आहे आणि स्थान हें प्रथम त्यांचें आहे. आमची विनंति एवढीच कीं, फरशी बसविण्यापूर्वीं जुन्या भिंतीचें, उंबऱ्याचें व दाराच्या तोंडाचें मोजमाप आणि छायाचित्र घेऊन तें पोथीबरोबर ठेवावें. दार फिरवावयाचें असेल तर जुनें दार कोठें होतें त्याची एक शिळा तेथें बसवावी. पोथीची सारी भिस्त त्या दारावर आहे.

संग्राहकांस आमचें सांगणें अधिक कठोर आहे. कारंज्याच्या जैन भांडारांचा इतिहास आपणांपुढें आहे. रायबहादुर हिरालाल ह्यांच्या १९२६ च्या सूचीनें त्या भांडारांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें, आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांत अध्यापक असलेल्या हिरालाल जैन ह्यांनीं तेथील अपभ्रंश ग्रंथ संपादून जगापुढें ठेविले. त्या प्रतींस मोल आलें त्याचें एक कारण असें कीं, त्या कोणत्या गांवच्या, कोणत्या भांडारांतल्या, हें कधीं तुटलें नाहीं. महानुभाव पोथ्यांचें तसें राहिलें नाहीं. स्थानपोथीची एखादी प्रत कोणत्या मठांतली, कोणत्या आम्नायाची, कोणत्या लिपींत, कोणीं कोणासाठीं उतरलेली, हें न नोंदतां ती हातोहात पुण्यामुंबईस, आणि तेथून आणखी पलीकडे जाते. इतर काव्यग्रंथाचें एवढ्यानें बिघडत नाहीं. शिशुपाळवध कोठेंही वाचला तरी शिशुपाळवधच राहतो. स्थानपोथीचें तसें नाहीं. ती जागेशीं ताडून पाहण्याचाच ग्रंथ आहे. रिद्धपुरांत राहणाऱ्या महंताच्या प्रतींतील 'उजवीकडे' आणि कधीं तेथें न गेलेल्या नकलकाराच्या प्रतींतील 'उजवीकडे' ह्यांची साक्ष सारखी धरतां येत नाहीं. ही पारख प्रतीचें मूळ ठिकाण ठाऊक असेल तरच करितां येते. म्हणून ज्यांच्या संग्रहीं अशा प्रती असतील त्यांनीं वेष्टणावरील चिठोरी, मागील पानावरील हिशेब, मालकांच्या सह्या, ह्यांतील कांहींही 'निरुपयोगी' म्हणून काढून टाकूं नये; वासना गाळून नक्कल करूं नये; आणि प्रत विकली वा दिली तरी तिचें एक छायाप्रतीचें बाड रिद्धपुरींच ठेवावें.

हें आज बोलावयास कारण आहे. मराठी भाषा विद्यापीठाचा कायदा २०२३ मध्यें झाला व तें विद्यापीठ रिद्धपुरास स्थापन झालें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ज्या गांवीं म्हाइंभटानें लीळा लिहिल्या आणि महदाइसेनें धवळे गायिले त्या गांवास हा मान उशिरां कां होईना मिळाला, ह्याचा आनंद कोणास होणार नाहीं? पण अशा वेळींच नामफलकांवर सोपे इतिहास कोरले जातात. फलकावर 'प्राचीन राजमठ' एवढें लिहून भागणार नाहीं. तेथें देव होता. देवाच्या घरीं एक राउळ राहिला. राउळाच्या घरीं माणसें जमलीं. आणि त्या माणसांनीं आपल्या आठवणी मराठींत लिहून ठेविल्या. ह्या चार वाक्यांपैकीं एकही गाळलें तर राजमठाचा इतिहास अपुरा राहील. विद्यापीठानें आपल्या पहिल्या कामांत स्थानपोथीच्या उपलब्ध प्रतींचें, वासनांसह व जागेवरील मोजमापासह, नवें संपादन हातीं घ्यावें, आणि त्यास पंथांतील महंतांनीं व खासगी संग्राहकांनीं आपल्या प्रती तुलनेसाठीं खुल्या कराव्या, अशी आमची सूचना आहे. ज्यांच्या संग्रहीं स्थानपोथीचें एखादें सुटें पान जरी असेल त्यांनीं त्याची नोंद ह्या त्रैमासिकाकडे पाठवावी. ती येथें अवश्य छापली जाईल.